पैठणची बुरशी आणि बारा कार्बन

डॉक्टर नानासाहेब औताडे यांना दोन गोष्टींवर कुणी शंका घेतलेली खपत नसे. एक फुलंब्रीची ज्वारी आणि दुसरी पैठणची बुरशी. ज्वारीवर सहसा कुणी वाद घालत नाही. बुरशीवर मात्र परभणीचे तात्यासाहेब सोळंके वीसेक वर्षं नेमानं घालत आले होते, आणि नेम म्हणजे तरी कसा, सणवार चुकेल पण हा वाद चुकायचा नाही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत, आणि नानासाहेब विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत. निवृत्ती उंबऱ्याशी येऊन चपला काढत होती. वीसेक वर्षांपूर्वी ते एकदा पैठणला गेले असताना गोदाकाठच्या शिवारात तुरीची सगळी शेतं मर रोगानं वाळून गेलेली त्यांनी पाहिली. मधलं एकच शेत हिरवंगार उभं होतं. तिथली मूठभर माती त्यांनी रुमालात बांधून एसटीनं आणली आणि तिच्यातून ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी काचेच्या नळीत वाढवली. ही बुरशी मातीत राहते आणि मर रोगाच्या बुरशीला खाऊन टाकते, हे जगाला ठाऊक होतंच. पण पैठणची ही ट्रायकोडर्मा म्हणजे आजवर कुणी न नोंदलेली नवी प्रजाती आहे, असं नानासाहेबांना पहिल्याच दिवशी वाटलं. का वाटलं ते त्यांना सांगता येत नव्हतं. जुळ्यांतला थोरला कोणता ते आई सांगते, पण कशावरून ते तिला विचारू नये.

तात्यासाहेब मात्र नेमकं तेच विचारायचे. ते परभणीला शेतकी महाविद्यालयात शिकवत. माणूस उंचापुरा, आवाज खणखणीत आणि मिशी अशी की पोरं सरांना नंतर आणि मिशीला आधी ओळखत. दर जानेवारीत मराठवाड्यातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांची सभा औरंगाबादच्या विद्यापीठात भरायची. तिथे नानासाहेब पैठणच्या बुरशीवर बोलत आणि ते बसायच्या आत तात्यासाहेब उठलेले असत.

"औताडे, फरक दाखवा, फरक! नुसतं 'वाटतं' हे शास्त्र नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सगळी सारखीच दिसते."

"सोळंके, नजर लागते त्याला."

"तुमची नजर नाही, माया आहे ती!"

मग चहा निवेपर्यंत दोघांची जुंपायची. काही मंडळी तर सकाळची भाषणं चुकवून नेमकी या भांडणाच्या वेळेला यायची. अशाच एका सभेत तात्यासाहेबांनी भर सभागृहात सांगून टाकलं, की ही वेगळी प्रजाती निघाली तर मी मिशी उतरवीन. त्या दिवसापासून नानासाहेबांचं अर्धं लक्ष बुरशीवर आणि अर्धं त्या मिशीवर होतं.

अडचण अशी, की तात्यासाहेबांच्या म्हणण्यात तथ्य होतं. या बुरशा एकमेकींच्या सख्ख्या चुलत बहिणी. रंग हिरवा, बीजाणू गोल, फांद्या तशाच. निव्वळ दिसण्यावरून वेगळं काढणं अवघड. आणि तेवढ्यात जहांआरा नानासाहेबांकडे पीएचडीला आली.

जहांआरा शहरातल्या रोशनगेट भागातली. बोलायची कमी, पण बोलली की दोनदा ऐकावं लागे असं काही बोलायची. तिचा विषयच हा होता, की मातीतल्या या जवळच्या नात्यातल्या बुरशा दिसण्यावरून नाही, तर त्यांच्या अंगातल्या चरबीवरून ओळखायच्या. चरबी म्हणजे मेदाम्लांची बेरीज. कुणात सोळा कार्बनांचं आम्ल जास्त, कुणात अठरांचं, कुणात आणखी तिसरंच. एका गल्लीतल्या सगळ्या घरांत वरण शिजतं, पण फोडणीच्या वासावरून कुणाचं घर ते कळतं, तशातला प्रकार. बुरशी पातळ रसात वाढवायची, तिची साय गाळून घ्यायची, चरबी काढायची, तिच्यावर थोडे रासायनिक संस्कार करायचे आणि यंत्रात सोडायची. यंत्राचं पेन मग कागदावर शिखरं काढत जातं. प्रत्येक मेदाम्लाचं एक शिखर, जेवढं आम्ल जास्त तेवढं शिखर उंच.

यंत्र विद्यापीठात नव्हतं. ते होतं चिकलठाण्याला, एका औषधाच्या कारखान्यात. जहांआराचा मामेभाऊ गयास तिथल्या प्रयोगशाळेत होता. कारखान्याचे मोठे साहेब नानासाहेबांचे जुने विद्यार्थी निघाले आणि रविवारी यंत्र मोकळं असतं तेव्हा वापरायची परवानगी मिळाली. मग काय, दर रविवारी जालना रोडच्या बसमध्ये एक टक्कल असलेले प्राध्यापक आणि मांडीवर बर्फाचा डबा घेतलेली एक मुलगी दिसू लागली.

कन्नडची, वैजापूरची, चिकलठाण्याची, सगळ्या मातींतली बुरशी जहांआरा शनिवारीच तयार करून ठेवायची, हातमोजे घालून, नाकासमोर कापड बांधून. पैठणच्या नळ्यांना मात्र तिला हात लावायची परवानगी नव्हती. तिलाच काय, कुणालाच नव्हती. नानासाहेब त्या स्वतः, रविवारी सकाळी, न्हाऊनमाखून विभागात येऊन हाताळायचे. गाळलेली बुरशीची साय टिपकागदावर घ्यायचे आणि चिमटीत धरून अलगद पिळायचे.

"सर, हातमोजे..." जहांआरा एकदा म्हणाली होती.

"हातमोजे घालून भाकरी थापता येते का?" नानासाहेब म्हणाले. "बोटांना कळलं पाहिजे किती पाणी राहिलंय ते."

जहांआरानं हातमोजे परत खणात ठेवले. गुरू तो गुरू.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी यंत्राच्या कागदावर पैठणची बुरशी उमटली आणि नानासाहेब स्टुलावरून उठून उभे राहिले. सोळा आणि अठरा कार्बनांची शिखरं सगळ्यांसारखीच होती. पण कागदाच्या सुरुवातीला, जिथे बाकी सगळ्यांचं मैदान होतं, तिथे दोनतीन बारक्या शिखरांशेजारी एक उंच शिखर उभं होतं. बारा कार्बनांचं. लॉरिक आम्ल.

"पुन्हा टाका," नानासाहेब म्हणाले. गयासनं पुन्हा टाकलं. शिखर पुन्हा आलं. पुढच्या रविवारी नव्यानं वाढवून आणली, तरीही आलं. त्याच्या पुढच्याही.

"सर, बुरशीत हे आम्ल एवढं कधी असतं का?" जहांआरा हळूच म्हणाली. "मी कुठं वाचलं नाही."

"म्हणूनच तर नवी प्रजाती!" नानासाहेब म्हणाले, आणि तिची शंका तिथेच पुरली गेली.

त्यानंतर नानासाहेबांच्या पायाला जमीन लागेना. गुलमंडीवरून पेढे आणून त्यांनी विभागभर वाटले. पैठणचं जुनं नाव प्रतिष्ठान, तर त्यावरून प्रजातीचं नाव काय ठेवायचं तेही ठरलं. परभणीला एक कार्ड गेलं, 'मिशीला तूप लावून ठेवा. जानेवारीत भेटू.' उलट टपाली एकाच शब्दाचं उत्तर आलं, 'येतो.' ते वाचून नानासाहेबांनी संध्याकाळभर शीळ घातली. त्यांना शीळ येते हे द्वारकाबाईंना लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं.

सभा पंधरवड्यावर आली. नानासाहेब सिडकोतल्या घराच्या गच्चीवर बसले होते. त्या रविवारी कारखान्यात यंत्राची साफसफाई होती, म्हणून चिकलठाण्याला जायचं नव्हतं. थंडी मरणाची होती. द्वारकाबाई तेलाची बाटली घेऊन वर आल्या. दर रविवारी सकाळी नवऱ्याच्या डोक्याला तेल लावायचं हा त्यांचा लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता. केस टिकावेत म्हणून सुरू केला होता. केस काही टिकले नाहीत, शिरस्ता टिकला.

"आवं, तेल पार गोठलंय बगा. जरा उन्हात ठिवते," द्वारकाबाईंनी बाटली कठड्यावर ठेवली.

नानासाहेब मनातल्या मनात भाषणाची जुळवाजुळव करत होते. नजर सहज बाटलीवर गेली. आत पांढराशुभ्र गोळा, कडेकडेनं पाझरायला लागलेला. मास्तर माणूस, शिकवल्याशिवाय राहवतंय थोडंच?

"द्वारका, करडईचं तेल थंडीत असं गोठतं का गं?"

"नाय."

"मग खोबऱ्याचंच का गोठतं?"

"ते मला काऊन इचारता? तुमीच सांगा की."

"सोपं आहे. करडईत अठरा कार्बनांची असंतृप्त आम्लं, ती पातळ राहतात. खोबऱ्याच्या तेलात जवळजवळ निम्मं असतं लॉरिक. लॉरिक म्हणजे बारा..."

आणि नानासाहेबांचं वाक्य तिथेच अडकलं.

त्यांचा हात डोक्यावर होता. विचार करताना टकलावरून पुढून मागं हात फिरवायची त्यांची जुनी खोड. वर्गात, बसमध्ये, प्रयोगशाळेत, सगळीकडे. दर रविवारी सकाळी द्वारकाबाई तेल जिरवणार, नानासाहेब अंघोळ करणार, पण अंघोळीनं काय सगळं तेल जातं? मग विभागात जाणार, पैठणची नळी हातात घेऊन विचारात पडणार, टकलावरून हात फिरवणार आणि त्याच बोटांनी बुरशीची साय पिळणार. कन्नडच्या सायीला त्यांचं बोट लागलं नव्हतं. वैजापूरच्याही नाही. फक्त पैठणच्या.

त्यांनी हात झटकन डोक्यावरून खाली घेतला आणि बोटांकडे पाहिलं.

"काय झालं? तोंड काऊन असं झालं?" द्वारकाबाई घाबरल्या.

"काही नाही. आज तेल नको."

"लगीन झाल्यापून कदी नको म्हणला न्हाईत!"

"आज म्हणतोय," नानासाहेब म्हणाले आणि खाली जाऊन खोलीत बसले.

आता खोटं कशाला बोला, नानासाहेबांच्या मनात पाप आलं. आलंच. हे कुणालाही ठाऊक नव्हतं. जहांआराला शंका होती, पण ती गप्प बसली होती. कागद हातात होते, एक नाही चांगले चार-पाच, आणि सगळ्यांवर शिखर होतं. सभेत ते दाखवायचे, टाळ्या घ्यायच्या, निवृत्त व्हायचं. नाव पुस्तकात राहील. पुढेमागे कुणी तपासेल तेव्हा तपासेल, आणि तोवर आपण कुठे असू कुणास ठाऊक. बराच वेळ ते या विचाराला मांडीवर घेऊन बसले. मग त्यांच्या डोळ्यांपुढे तात्यासाहेब आले. शब्दाचा पक्का माणूस. सभा संपली की न्हाव्याकडे जाणार, खुर्चीत ताठ बसणार आणि म्हणणार, उतरव. ती मिशी, ती खाली पडणार, आणि कशासाठी? खोबरेल तेलासाठी!

नानासाहेबांना एकटेच असताना हसू आलं आणि पाठोपाठ इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. नाही. हे काही आपल्याच्यानं व्हायचं नाही.

सोमवारी जहांआरा विभागात आली तेव्हा पैठणच्या नळ्यांचं स्टँड तिच्या टेबलावर ठेवलेलं होतं.

"सर, हे इथं?"

"तुझी शंका खरी होती," नानासाहेब म्हणाले, आणि तेलाची सगळी हकिकत त्यांनी उभ्या उभ्याच सांगितली. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करायचा धीर झाला नसता.

जहांआरानं आधी स्टँडकडे पाहिलं, नंतर सरांच्या डोक्याकडे. मग तिनं ओढणी तोंडावर धरली. नानासाहेबांना वाटलं, पोरगी रडते आहे. ती हसत होती.

"माफ करा सर. मला वाटायचं काहीतरी बाहेरचं आहे. रबराचं बूच असेल, काचेचं काही असेल, सगळं तपासलं मी. तुमच्या डोक्याचं नाही सुचलं."

"सुचलं असतं तरी बोलली असतीस का?"

"नसते बोलले," ती खरं ते म्हणाली.

त्या उत्तरानं नानासाहेबांना जरा जास्तच लागलं. "यापुढे बोलायचं," ते म्हणाले. "आणि या नळ्या आता तू करायच्या. मी हात लावणार नाही."

आठवडाभर बुरशी वाढली. साय गाळायच्या दिवशी नानासाहेब दाराबाहेर स्टूल टाकून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. आत आपली पैठण दुसऱ्याच्या हातात होती. एकदोनदा त्यांनी मान लांब करून पाहिलं. पोरीचा हात हलका होता. हे त्यांना आधी पाहायला मिळालं असतं, तर आधीच बरं वाटलं असतं.

रविवारी चिकलठाण्याला गयासनं आधी तेलाचा थेंब तसेच सगळे संस्कार करून यंत्रात टाकला. पेन हललं, आणि तेच उंच शिखर, शेजारी तीच छोटी शिखरं.

"सर, ये तो हूबहू वईच है!" गयास म्हणाला आणि चटकन जीभ चावून गप्प झाला.

मग पैठणची बुरशी. कागदाची सुरुवात सपाट राहिली. पुढे सोळांचं शिखर आलं, अठरांची आली, आणि कन्नडच्या कागदावर तो कागद ठेवून खिडकीशी धरला तर रेघेवर रेघ बसली. वैजापूरच्या कागदावरही बसली. पैठणची बुरशी सगळ्यांसारखीच होती.

नानासाहेबांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. वीसेक वर्षं सांभाळलेली गोष्ट अशी एका कागदावर सपाट झाली तर कुणाला नाही वाटणार? परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत राहिले. क्रांती चौक जवळ आल्यावर जहांआरानं विचारलं, "सर, प्रबंधात काय लिहू?"

"जे दिसलं ते. तेलासकट," ते म्हणाले. "वेगळं प्रकरणच कर त्याचं. आपल्याकडे डोक्याला तेल न लावणारा माणूस सापडणार कुठं? पुढच्यांना उपयोग होईल." आणि हे बोलल्यावर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्यांना एकदम मोकळं वाटलं.

सभेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पेढ्यांची बातमी सगळीकडे पोचलेली. तात्यासाहेब पहिल्या रांगेत, मिशी विंचरून, हातांची घडी घालून बसले होते. नानासाहेबांनी दोन कागद भिंतीवर लावले आणि पहिल्यावर काठी ठेवली.

"मंडळी, हे जे उंच शिखर दिसतंय ना, ते पैठणच्या बुरशीचं नाही. ते माझ्या टकलाचं आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं, द्वारकाबाईंचा शिरस्ता, स्वतःची खोड, चिमटीत पिळलेली साय. सभागृह हसून हसून लोटपोट झालं. मागच्या रांगेतल्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. हसणं ओसरल्यावर नानासाहेबांनी दुसरा कागद दाखवला.

"आणि हे जहांआराचं काम. हे स्वच्छ आहे. बुरशी सगळीकडची एकच. सोळंके इतकी वर्षं बरोबर होते. मी चूक होतो."

टाळ्या झाल्या, अगदी मनापासूनच्या. नानासाहेबांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. सगळे हसत होते, एक माणूस सोडून.

चहाच्या वेळी तात्यासाहेब कुठे दिसेनात. नानासाहेब शोधत बाहेर आले. मागच्या बाजूला कडुलिंबाच्या पारावर ते एकटेच बसले होते. हातातल्या चहावर साय धरली होती.

"अभिनंदन, सोळंके."

"डोंबलाचं अभिनंदन!"

"अहो, जिंकलात तुम्ही."

"जिंकलो ना? मग आता पुढच्या वर्षी मी इथं कशाला येऊ, ते सांगा." तात्यासाहेबांचा खणखणीत आवाज जरा बसला होता. "बायको गेली. पोरं पुण्याला. वर्षभर वाचतो, टिपणं काढतो, तुम्ही काय म्हणाल, मग मी काय म्हणेन, त्यावर तुम्ही काय म्हणाल. तेवढं एक घरात चालू असतं. आता कुणाशी भांडू, औताडे?"

शत्रू म्हणून या माणसाला नानासाहेबांनी इतकी वर्षं जपलं होतं. आपल्यावाचून याचं अडतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि आपलंही याच्यावाचून अडतंच की. ते शेजारी बसले.

मग तात्यासाहेबच घुश्श्यात म्हणाले, "किती उष्णतेवर वाढवली त्या पोरीनं?"

"पंचवीस अंश. सगळे तेवढ्यावरच वाढवतात."

"पंचवीस! अहो, पैठणची माती उन्हाळ्यात तव्यागत तापते. हवा बदलली की बुरशीची चरबीही बदलते, हे तुम्ही पोरांना शिकवता ना? गारव्यात ठेवून पाहिलं तर सगळ्या सारख्याच दिसणार. उष्णतेत वाढवा, मग बघा वेगळी निघते का नाही!"

"काही निघत नाही. एकच आहे ती."

"वेगळी आहे!"

"आत्ताच सभेत दाखवलं ना, रेघेवर रेघ बसली!"

"रेघेचं काय सांगता राव! त्या शेतात तूर मरत नाही, ती काय उगाच?" तात्यासाहेब उठून उभे राहिले होते. आवाज पूर्ववत झाला होता आणि मिशी थरथरत होती.

आवाज ऐकून जहांआरा दारात आली. कोण कुणाच्या बाजूनं बोलतंय तेच तिला कळेना. ती दाराला टेकून ऐकत उभी राहिली.

"एक नळी द्या मला," तात्यासाहेब म्हणाले. "परभणीच्या उन्हाळ्यात वाढवतो आणि तुम्हाला खोटं पाडतो."

"खुशाल पाडा," नानासाहेब म्हणाले. "जहांआरा, विभागातून यांना पैठणच्या दोन नळ्या आणून दे. एक एसटीत फुटली तर पुन्हा माझ्याच नावानं बोंब मारतील."

तात्यासाहेबांनी नळ्या रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि खिशावर हात दाबूनच ते बसथांब्याकडे निघाले. फाटकाशी वळून त्यांनी बोट रोखलं.

"जानेवारीत येतो! तयारीत राहा!"

"या तर खरं!" नानासाहेब ओरडले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मनापासून वाटलं, की या माणसासमोर आपण हरावं.